धुण्याच्या खोलीची लाकडी जमीन: टाइलपूर्व तयारीच्या नोंदी

३ नोव्हेंबर

खोली रिकामी केली. ३.६ बाय २.७ मीटर, वरचा मजला. इथे बेसिन आणि कपडे धुण्याचं मशीन राहणार. शॉवर नाही, त्यामुळे जमिनीला उतार देण्याचा प्रश्न नाही. सध्या लाकडी फळ्या आणि त्यावर जुनं व्हिनाइल आहे. चालताना दारापासून खिडकीपर्यंत कुरकुर ऐकू येते, आणि मधोमध टाचांवर हलकी उडी मारली की खिडकीची काच वाजते. टाइलच्या दृष्टीने कुरकुरीपेक्षा ही काच जास्त महत्त्वाची. कुरकुर म्हणजे सैल झालेल्या भोकात खिळा वर-खाली घासतो, बाकी काही नाही. काच वाजते याचा अर्थ तुळया वाकतात.

टाइल वाकत नाही. ती फुटते, नाहीतर खालून सुटते. लाकूड मात्र हलणारच, आणि दोन कारणांनी: वजनाने खाली वाकतं, दमटपणाने आडवं फुगतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. वाकणं तुळयांतच कमी करायचं. फुगणं बंद करता येत नाही, त्याला टाइलपर्यंत पोहोचू द्यायचं नाही एवढंच. दुसऱ्यासाठी असलेल्या वस्तूने पहिलं काम होईल अशी आशा धरणारे फार आहेत. सिमेंट बोर्ड टाकला की जमीन घट्ट झाली, हा समज त्यातलाच.

४ नोव्हेंबर

काम थांबवलं. व्हिनाइलचा एक कोपरा उचलला तर खाली आणखी जुना थर निघाला: ९ इंची चौकोनी तुकडे, खाली काळा डांबरी गोंद. या वयाच्या तुकड्यांत आणि गोंदात अॅस्बेस्टॉस असू शकतं. नुसतं बघून ते कळत नाही. तपासणी होईपर्यंत खरवडायचं नाही, घासायचं नाही, झाडूही मारायचा नाही. पाणी फवारून, मास्क लावून तुकड्याचा आणि गोंदाचा नमुना काढला, दुहेरी पिशवीत बंद करून प्रयोगशाळेकडे दिला. दाराला प्लास्टिक लावलं.

९ नोव्हेंबर

अहवाल आला. दोन्ही नमुन्यांत अॅस्बेस्टॉस नाही. व्हिनाइल काढायला सुरुवात.

१० नोव्हेंबर

फळ्या दिसल्या. २२ मिमी जाड, १२० मिमी रुंद, तुळयांना काटकोनात, प्रत्येक फळीला प्रत्येक तुळईवर दोन खिळे. भिंतीजवळच्या दोन फळ्या उचलून आत टॉर्च मारला. तुळया ५० बाय १५० मिमी, मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिमी, गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, पूर्ण ३.६ मीटरचा, मध्ये आधार नाही.

संध्याकाळी हिशेब मांडला. चल भार (माणसं, सामान) दर चौरस मीटरला १.९ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १९५ किलो, असं घरांसाठी धरतात. सिरॅमिक किंवा पोर्सलेनसाठी तुळईचं वाकणं गाळ्याच्या ३६० व्या भागाच्या आत हवं. नैसर्गिक दगडासाठी ७२० व्या भागाच्या आत, कारण पातळ दगड वाकण्याला फारच कच्चा. इथे ३६०० मिमीचा गाळा, म्हणजे मर्यादा १० मिमी आणि दगडासाठी ५. साध्या सॉफ्टवुडचा लवचिकता गुणांक (लाकूड किती ताठ याचा आकडा) ९००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर या तुळया सुमारे १३ मिमी वाकतात. पोर्सलेनलाही नापास. खिडकीची काच तेच सांगत होती.

११ नोव्हेंबर

आकड्यावर नुसता विश्वास नको म्हणून मोजूनही पाहिलं. अॅल्युमिनियमचा लांब चौकोनी पाइप दोन्ही टोकांना भिंतीलगत टेकवला, मधोमध त्याला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) बांधला, गेजची सुई फळीवर. एक माणूस सुईशेजारी उभा राहिला की गेज ३ मिमीच्या आसपास जातो. एका माणसाचं वजन शेजारच्या तुळयांतही वाटलं जातं, म्हणून हा आकडा वरच्या १३शी थेट ताडायचा नाही. काम झाल्यावर हीच चाचणी याच जागी पुन्हा घ्यायची, त्यासाठी भिंतीवर पेन्सिलने खूण केली.

सुतार येऊन गेले. मी जोडतुळयांचं, म्हणजे जुनीला चिकटून दुसरी तुळई बसवण्याचं, बोललो तर म्हणाले, "जाडीनं काय होतं हो? दुप्पट जाड केली तर दुप्पट ताठ. उंची दुप्पट केली तर आठपट. पण तुमच्याकडे उंचीला जागा कुठंय?" खरं आहे. तुळईचा ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो, जाडीच्या फक्त सरळ प्रमाणात. खालच्या खोलीचं छत थेट तुळयांच्या तळाला ठोकलेलं आहे, वर दाराचा उंबरठा आहे. उंची वाढवता येत नाही. गाळ्याच्या मध्यात खालून आडवी तुळई देणं हा सगळ्यांत प्रभावी उपाय, कारण गाळा अर्धा झाला की वाकणं सोळाव्या भागावर येतं. पण खालच्या खोलीच्या मधोमध खांब कोणालाच नको आहे. म्हणजे जाडी दुप्पट करायची, प्रत्येक तुळईला जोडतुळई. १३ चे साडेसहा होतील, गाळ्याचा सुमारे ५५० वा भाग. पोर्सलेनला भरपूर. दगडाला अजूनही नापास, त्यामुळे घरच्यांना आवडलेला संगमरवर यादीतून गेला. याबद्दल थोडी नाराजी आहे. असो.

१३ नोव्हेंबर

सगळ्या फळ्या काढल्या. तुळया उघड्या पडल्यावर अपेक्षित होतं त्यापेक्षा जास्त सापडलं.

बेसिनच्या जुन्या पाइपासाठी कोणीतरी एका तुळईला वरून खाच मारली आहे, ५० मिमी खोल आणि जवळपास गाळ्याच्या मध्यात. १५० पैकी १०० उरले, की त्या जागी ताठपणा घनाच्या हिशेबाने तिसऱ्या भागाच्याही खाली जातो, सुमारे ३० टक्के. गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात खाच मुळी मारायचीच नसते. टोकांकडच्या भागातही उंचीच्या सहाव्या हिश्शापेक्षा खोल नको. पाइप न्यायचाच तर तुळईच्या उंचीच्या मध्यावर गोल भोक पाडावं, उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आणि कडांपासून ५० मिमी दूर. वाकताना वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते, मधल्या पट्ट्याला त्यातलं फार कमी सोसावं लागतं. नवीन पाइप तुळयांना समांतर वळवून नेतोय.

दुसरं, त्याच पाइपाखाली एका तुळईचं भिंतीतलं टोक काळं पडलंय. आर टोचली तर १० मिमी सहज आत गेली. ओलावामापक तिथे २३ टक्के दाखवतो, खोलीत इतरत्र ११ ते १२. वीस टक्क्यांच्या वर लाकूड राहिलं की बुरशीला पोषक. गळती आधी बंद केली, मग भिंतीचा तो खण उघडा ठेवून पंखा लावला. कुजकी लांबी आणि तिच्यापुढचं हातभर चांगलं लाकूड कापून टाकणार.

१५ नोव्हेंबर

जोडतुळयांचं लाकूड आलं आणि परत गेलं. मापकावर १८ टक्के. जुन्या तुळया १२ वर स्थिर आहेत, म्हणजे नवं लाकूड घरात बसल्यावर सहा टक्के सुकणार. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं: दर एक टक्का ओलाव्यामागे सरासरी ०.२ टक्के. १५० मिमी उंचीवर हिशेब केला तर पावणेदोन-दोन मिमी. जमीन त्या जोडतुळयांच्या माथ्यावर टेकणार असताना एवढं खाली बसणं म्हणजे सपाटीची निम्म्याहून अधिक मुभा टाइल लागल्यानंतर खर्च होणं. भट्टीत सुकवलेलं लाकूड मागवलं.

प्लायवुड मात्र आलंय. खोलीतच पट्ट्यांवर, मध्ये हवा खेळेल असं रचून ठेवलं. १८ मिमीचे खाच-जीभवाले ताव आणि १२ मिमीचे साधे, दोन्ही बाहेरच्या वापराच्या गोंदाचे. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडला असता. पण पाणी लागलं की तो फुगतो आणि सुकल्यावरही फुगलेलाच राहतो. टाइलखाली त्याला जागा नाही.

१८ नोव्हेंबर

सुकं लाकूड आलं, १२ टक्के. जोडतुळया सुरू.

जुन्या तुळया मध्यात ७ ते ९ मिमी खाली बसल्या आहेत. वर्षानुवर्षांच्या भाराने बसलेलं लाकूड जॅक लावून परत सरळ करता येतं असं म्हणतात. खालच्या छताला तडे जातील आणि तुळई बहुधा पुन्हा तिथेच येईल. म्हणून जुन्यांना हात लावला नाही. दोन्ही भिंतींवर लेझरने एक पातळी आखली, दोऱ्या ताणल्या, आणि प्रत्येक जोडतुळई दोरीला लावून बसवली. त्यामुळे मध्यात जोडतुळई जुनीपेक्षा वर येते, टोकांना दोघी जवळपास सारख्या. नवी जमीन नव्या माथ्यांवर टेकेल आणि बोल्ट व गोंदातून भार दोघींत वाटला जाईल. नव्या तुळईला नैसर्गिक बाक असेल तर फुगीर बाजू वर ठेवायची, दोरीच्या वर आलेला भाग रंध्याने उतरवायचा.

गोंदाची नागमोडी रेघ, शिकंजे, मग १२ मिमीचे बोल्ट, एक वर एक खाली अशा क्रमाने दर ४०० मिमीवर, कडांपासून ५० मिमी आत. वॉशर दोन्ही बाजूंना.

१९ नोव्हेंबर

सगळ्या जोडतुळया भिंतीच्या खणात शिरत नाहीत. आडवं लाकूड वळवून उभं करायला जागा पुरत नाही. काहींची टोकं भिंतीआधी १०० मिमी थांबवली. वाकण्याचा जोर गाळ्याच्या मध्यात सर्वाधिक असतो आणि टेकूपाशी शून्यावर येतो, म्हणून ताठपणात फारसा फरक पडत नाही. कुजक्या टोकाच्या तुळईला मात्र ही सवलत नाही. तिथे जोडतुळईच भार भिंतीत नेणार, त्यामुळे ती खणात पूर्ण टेकवली. त्यासाठी खण बाजूने रुंद करावा लागला. टोकाखाली ओल अडवणारी पट्टी.

२० नोव्हेंबर

गाळ्याच्या मध्यात तुळयांमध्ये ठोकळे, तुळयांच्याच उंचीचे, घट्ट बसणारे. सगळ्या जमिनीवर एकसारखा भार असेल तर ठोकळ्यांनी वाकणं कमी होत नाही. त्यांचा उपयोग एका जागी पडणारा भार शेजारच्या तुळयांना वाटण्यात आणि तुळयांचं पिळणं थांबवण्यात. मशीनची जागाही बदलली: खिडकीखाली गाळ्याच्या मधोमध ठेवायचं होतं, आता टेकूच्या भिंतीलगत. पाणी भरून गरगरताना तिथे तुळया सगळ्यांत कमी हलतील.

२२ नोव्हेंबर

१८ मिमीचा थर टाकला. तावाची लांब बाजू तुळयांना काटकोनात, कारण प्लाय वरच्या पदराच्या रेषांच्या दिशेने जास्त ताठ असतं. आखूड सांधे तुळईच्या माथ्यावर, ओळीओळीत सरकवलेले, चार कोपरे कुठेच एकत्र नाहीत. तावांमध्ये ३ मिमी फट, भिंतीपाशी ६ मिमी. तुळईच्या माथ्यावर बांधकामाचा गोंद आणि ५० मिमीचे स्क्रू, कडेला दर १५० मिमी, आत २००.

स्क्रू जिप्सम बोर्डाचे काळे नाहीत. ते ठिसूळ असतात. जमीन हलली की मान तुटते, आणि तुटलेलं कळतही नाही, डोकं जागेवरच राहतं.

प्लाय जुन्या फळ्यांपेक्षा ४ मिमी पातळ आहे, ते उंबरठ्याच्या हिशेबात कामाला येईल. खरं तर फळ्या ठेवून त्यावर प्लाय मारता आलं असतं, घट्ट फळ्यांवर ते चालतं. टाइल थेट फळ्यांवर मात्र कधीच नाही: प्रत्येक फळी स्वतंत्र आडवी फुगते आणि प्रत्येक सांध्यावर टाइलला तडा जायला रेघ तयार असते. प्लायमध्ये एकाआड एक पदर काटकोनात चिकटवलेले असल्याने एक पदर दुसऱ्याचं फुगणं अडवतो.

डायल गेज पुन्हा त्याच खुणेवर: १ मिमीच्या जरा वर. काच वाजत नाही.

२३ नोव्हेंबर

१२ मिमीचा दुसरा थर. हा गरजेचा आहे का यावर दोन मतं आहेत; ४०० मिमीच्या अंतराला १८ मिमी एकटं पुरतं असं बरेच कारागीर सांगतात आणि ते चूक नाहीत. तुळयांचा हिशेब बसला तरी दोन तुळयांमध्ये प्लाय स्वतःही वाकतं, आणि मशीनचे चार पाय चार बिंदूंवरच टेकतात. म्हणून टाकला.

हे स्क्रू २५ मिमीचेच. दोन थर मिळून ३०, म्हणजे स्क्रू तुळईत शिरत नाही, मुद्दाम. वरच्या थराची आखूड टोकं तुळयांच्या माथ्यावर नाहीत, तिथून १०० मिमी बाजूला. दोन तुळयांमध्ये प्लाय वाकतं तेव्हा तुळईच्या माथ्यावर ते कमानीसारखं ताणलं जातं. सांधा तिथेच असेल तर तो उघडतो आणि वरच्या टाइलला तो ताण मिळतो. दोन थरांमध्ये गोंद नाही. ठिपक्या-ठिपक्यांनी गोंद लावला तर मध्ये पोकळ्या राहतात, त्यापेक्षा नसलेला बरा. फटी तशाच मोकळ्या ठेवल्या आहेत, पुट्टी नाही.

२४ नोव्हेंबर

सपाटी तपासली. टाइल ६०० बाय ३०० मिमीची आहे. कोणतीही बाजू ३८० मिमीहून मोठी असली की मुभा कमी होते: ३ मीटरमध्ये ३ मिमी, आणि ६०० मिमीमध्ये दीड. लहान टाइलला ३ मीटरमध्ये ६ चालतं. दोन मीटरची सरळपट्टी सगळ्या दिशांनी फिरवली. दारापाशी एका सांध्यावर कड वर आली होती, सँडरने उतरवली. खिडकीच्या कोपऱ्यात दोन मिमीचा खळगा आहे. लाकडावर चालणाऱ्या दुरुस्तीच्या भुकटीने भरला. सगळी जमीन लेव्हलिंग कंपाउंड ओतून सपाट करायची गरज उरली नाही. तुळया दोरीला लावल्या त्याचा हा परतावा. ओतायचं असतं तर प्रायमर, जाळी, प्रत्येक फट बंद करणं, आणि थराचं वजन वेगळं.

वजनाचा विषय निघालाच तर: ९ मिमी पोर्सलेन चौरस मीटरला २१ किलोच्या आसपास. चिकटवणारा थर आणि १२ मिमी प्लाय मिळून आणखी बारा-तेरा. हा भार कायमचा, आणि कायमच्या भाराखाली लाकूड हळूहळू आणखी बसतं. ५५० व्या भागाची चैन त्यासाठी.

२६ नोव्हेंबर

सिमेंट बोर्ड की अनकपलिंग मेंब्रेन? बोर्ड पाण्याने खराब होत नाही, पण पाणी अडवतही नाही. ताठपणात भर घालत नाही. तो स्क्रूने नुसता ठोकायचा नसतो, खाली अॅडहेसिव्हचा ओला थर लागतो, नाहीतर बोर्डाखालच्या पोकळ्यांत तो वर-खाली होत राहतो. हे बहुतेक ठिकाणी गाळलं जातं, कारण झाकल्यावर दिसत नाही. ६ मिमीची उंचीही खाल्ली असती. मेंब्रेन ३ मिमीची. खालून कापडी, वर खळग्यांची प्लास्टिक चादर. प्लाय आडवं सरकलं तर ती मध्ये थोडी सैल देते. सांध्यांवर पट्टी चिकटवली की पाणीही अडतं, आणि धुण्याच्या खोलीत नळी कधी ना कधी सुटतेच. मेंब्रेन.

२७ नोव्हेंबर

मेंब्रेन टाकली. आधी व्हॅक्यूम, मग ओल्या स्पंजाने प्लाय पुसलं. कोरडं प्लाय अॅडहेसिव्हमधलं पाणी शोषून घेतं आणि वरची चादर चिकटायच्या आतच थर सुकतो. पुसल्यावर चमक राहिली नाही पाहिजे, नुसता गार ओलावा.

लाकडावर सी२ एस१ वर्गाचं लवचिक अॅडहेसिव्ह घेतलं. सी२ म्हणजे सुधारित पकडीचं सिमेंटचं अॅडहेसिव्ह. एस१ म्हणजे प्रमाणित चाचणीत पट्टी २.५ ते ५ मिमी वाकते, मग तुटते. दातेरी थापीने एकाच दिशेने ओढायचं, चादर टाकायची, लाकडी फळीने मधून कडेकडे दाबायचं. पहिल्या तुकड्याचा कोपरा उचलून बघितला: कापडात अॅडहेसिव्ह सगळीकडे मुरलं होतं, कोरडे ठिपके नाहीत. अशी उचलून खात्री प्रत्येक तुकड्याला करावी, थापीचा कोन थोडा बदलला तरी थर पातळ पडतो.

भिंतीपाशीच्या ६ मिमी फटीत फोमची पट्टी उभी केली आहे. त्यात अॅडहेसिव्ह पडलं तर काढायचं, ग्राउट तर मुळीच नाही. शेवटी तिथे सिलिकॉन येईल आणि वरून भिंतीच्या तळाची पट्टी (स्कर्टिंग) ते झाकेल.

२९ नोव्हेंबर

टाइल कोरडीच मांडून पाहिली. निम्म्यावर सरकवलेली वीटबांधणी सगळ्यांना हवी होती. पण लांब टाइल मध्यात किंचित फुगीर असते आणि निम्म्यावर सरकवली की एकीचा मध्य दुसरीच्या टोकाशेजारी येतो, पायाला कड लागते. एक तृतीयांशावर सरकवतोय.

खोली ६ मीटरपेक्षा लहान आहे, त्यामुळे मध्ये वेगळा हलता सांधा नको. उंबरठ्यावर मात्र हवाच: बाहेरच्या मार्गिकेच्या तुळया दुसऱ्या दिशेने जातात, दोन्ही जमिनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या हलणार. तिथे ग्राउटऐवजी सिलिकॉन आणि उतरती पट्टी.

उंचीचा हिशेब: ३० प्लाय, ३ मेंब्रेन, दोन थरांचं अॅडहेसिव्ह मिळून ६ धरलं, ९ टाइल. ४८ मिमी; आधी फळी होती २२. म्हणजे जमीन २६ मिमी वर आली. बेसिनच्या सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड तेवढं वाढवायला सांगितलंय. दार टाइल आणि ग्राउट पूर्ण झाल्यावरच काढून तळाला कापायचं. आज मापाने कापलं तर अॅडहेसिव्हच्या थरातला फरक फटीत दिसेल.